१९६९ च्या कॅमॅरो झेड/२८ मधलं इंजिन मूळचंच आहे का?

आधी एक काम करा. येत्या मंगळवारी इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव सांगाडा) मशीन शॉपला टाकणार आहात ना, ती तारीख दोन आठवडे पुढे ढकला. त्यांना काहीही कारण सांगा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

आता तुमचा प्रश्न, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही १९६९ ची शेवरोले कॅमॅरो झेड/२८ घेतलीत. विकणारा म्हणाला, गाडी ‘नंबर मॅचिंग’ आहे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचे नंबर गाडीशी जुळतात. काउल टॅगवर, म्हणजे बॉडीवरच्या कारखान्याच्या पट्टीवर, ०६सी आणि एक्स३३ आहे. ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९७००१०, कास्टिंगची तारीख एफ ४ ९, आणि पुढच्या पॅडवर (ब्लॉकवर शिक्का ठोकायची सपाट जागा) व्ही०६१०डीझेड. गिअरबॉक्सवर पी९एच०६बी. कार्ब्युरेटर होलीचा, लिस्ट नंबर ४०५३, तारीख ९८२. तुम्हाला शंका आहे ती गिअरबॉक्सची. एच म्हणजे आठवं अक्षर, म्हणजे ऑगस्ट, मग जूनच्या गाडीत ऑगस्टचा गिअरबॉक्स कसा आला? शेवटी विचारलंय की इंजिनाचा नारिंगी रंग नेमका कुठला आणि बाकीचे पार्ट ‘करेक्ट’ कसे जमवायचे.

तुम्ही ज्याच्यावर संशय घेतलाय तो गिअरबॉक्स निर्दोष आहे. ज्या कार्ब्युरेटरबद्दल तुम्हाला शंकाही आली नाही तो या गाडीचा नाही. आणि ज्या पॅडवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवलाय, त्याचा फोटो बघून मला काळजी वाटते.

गिअरबॉक्स आधी निकालात काढू. पी म्हणजे इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचा कारखाना, ९ म्हणजे १९६९, पुढे महिन्याचं अक्षर, मग दिवस, आणि शेवटचा बी म्हणजे एम२१, जवळजवळच्या गिअर-प्रमाणांचा चार गिअरवाला. या कारखान्याने महिन्यांसाठी ए ते एल अशी सरळ अक्षरं वापरलीच नाहीत. जानेवारी ते मे ए, बी, सी, डी, ई. त्यानंतर जून एच, जुलै के, ऑगस्ट एम, सप्टेंबर पी, ऑक्टोबर आर, नोव्हेंबर एस, डिसेंबर टी. म्हणजे तुमचा गिअरबॉक्स ६ जून १९६९ चा. काउल टॅगवरचं ०६सी म्हणजे जूनचा तिसरा आठवडा. छान बसतंय. गिअरबॉक्सवरही गाडीच्या व्हीआयएनचे (ओळख क्रमांकाचे) आकडे ठोकलेले असतील, ते तेवढे जुळवून घ्या.

जनरल मोटर्सच्या एकाच गाडीत तारीख लिहायच्या चार-पाच पद्धती सापडतात, आणि निम्मे वाद त्यातूनच होतात. ब्लॉकच्या ओतकामावर आधी महिना, मग दिवस, मग वर्षाचा एकच आकडा. डेल्को-रेमीच्या डिस्ट्रिब्युटरवर आणि आल्टरनेटरवर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. होलीच्या कार्ब्युरेटरवर त्या काळात तीन आकडे: वर्ष, महिना, आठवडा. इंजिन जोडणीच्या शिक्क्यात वर्ष नाहीच, फक्त महिना आणि दिवस. रॉचेस्टरच्या कार्ब्युरेटरवर तर वर्षातला कितवा दिवस ते लिहितात आणि शेवटी वर्षाचा आकडा. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लावली की घोटाळा ठरलेला.

तर तुमचा होली. ९८२ म्हणजे १९६९, आठवा महिना, दुसरा आठवडा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बनलेल्या गाडीवर ऑगस्टचा कार्ब्युरेटर बसू शकत नाही. लिस्ट नंबर ४०५३ अगदी बरोबर आहे, ७८० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा घेणारा), याच गाडीसाठी बनलेला. पण हा नंतरच्या एखाद्या झेड/२८ वरून उतरवलेला दिसतो. १९७० चं नवं मॉडेल लांबलं म्हणून ६९ ची कॅमॅरो नोव्हेंबरपर्यंत बनत राहिली, त्यामुळे ऑगस्टनंतरच्या गाड्याही भरपूर आहेत. मला हे बघून उलट थोडं बरं वाटलं. का, ते पुढे सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडील उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. दहावीच्या सुट्टीत मी तिथे वाळू चाळायचो, कोअर वाहायचो. नंतर मिशिगनला आलो, आधी मशीन शॉपमध्ये काम केलं, आणि गेली बावीस वर्षं जुन्या शेवरोले आणि पाँटिअॅक उभ्या करतो. हे सांगायचं कारण वेगळं आहे. या गाड्यांबद्दल इथल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त नंबर पाठ असतात. मला त्यांच्यापेक्षा थोडं जास्त कळतं ते ओतीव लोखंडाचं अंग, आणि ते कळतं उद्यमनगरामुळे.

वाळूच्या साच्यात ओतलेल्या लोखंडाला एक कातडी येते. बारीक खरखरीत, वाळूच्या कणांची. ती एकदाच येते, रस थिजताना. ग्राइंडर मारला की गेली, आणि मग काहीही करा, तशी परत येत नाही. शॉट ब्लास्टिंगने खरखर आणता येते, पण ती वेगळी दिसते. सगळीकडे सारखी, मेलेली. ब्लॉकच्या मागच्या कडेवर जी कास्टिंगची तारीख उठून आलेली दिसते ती पॅटर्नवर (ज्या नमुन्यावरून वाळूचा साचा घेतात त्यावर) स्क्रूने बसवलेल्या छोट्या पट्टीची असते. फाउंड्रीतला माणूस रोज ती पट्टी बदलतो. काही ब्लॉकवर तारखेच्या शेजारी त्या स्क्रूच्या डोक्याचाही ठसा दिसतो. मला प्रत्येक वेळी तो बघून आमच्या फाउंड्रीतले एक मामा आठवतात. त्यांचं कामच ते होतं, आणि सोमवारी ते हमखास विसरायचे.

मिशिगनमधल्या फ्लिंटच्या इंजिन कारखान्यासाठी ब्लॉक ओतले जायचे सॅगिनॉच्या फाउंड्रीत. तिथून ते फ्लिंटला, तिथे मशिनिंग, जोडणी, शिक्का, रंग. मग ओहायोत सिनसिनाटीजवळच्या नॉरवुडला, जिथे गाडी बनली. या प्रवासाला दिवस लागतात, त्यामुळे तारखांना एकच दिशा असते. ओतकाम आधी, जोडणी नंतर, गाडी त्यानंतर. तुमच्याकडे एफ ४ ९ म्हणजे ४ जून, व्ही०६१० म्हणजे फ्लिंटला १० जून, आणि गाडी जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली. कागदावर अगदी सुरेख.

अडचण अशी की खोटं करणाराही हेच करतो. तारखा जुळवणं हे त्याचं पहिलं काम. कास्टिंग नंबर ३९७००१० घ्या. हा ब्लॉक १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत बनत होता, लाखो गाड्यांत गेला, आणि त्यातले बहुतेक ३५० क्युबिक इंचाचे. तारखेत वर्षाचा आकडा एकच. म्हणजे एफ ४ ९ हे ४ जून १९६९ असू शकतं आणि ४ जून १९७९ सुद्धा! कुणी भंगारातून १९७९ चा ब्लॉक आणला, पुढच्या पॅडवरचा जुना शिक्का घासून काढला आणि तिथे डीझेड, म्हणजे झेड/२८ च्या इंजिनाचा कोड, ठोकलं, तर कागदावर तो तुमच्या गाडीला तितकाच सुरेख बसेल.

डीझेड ही अक्षरं एवढी महाग का, तेही थोडक्यात. ट्रान्स-अॅम शर्यतींत इंजिनाला ३०५ क्युबिक इंचाची मर्यादा होती. शेवरोलेने आपल्या ३२७ इंजिनाचा चार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८३ चा तीन इंची स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) एकत्र करून ३०२ चं इंजिन केलं. कागदावर २९० अश्वशक्ती. १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या निघाल्या, १९६९ पर्यंत वीस हजारांच्या घरात गेल्या. जोरात फिरवायला भुकेलं इंजिन, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी ते पिळलं. पुष्कळ इंजिनं शर्यतीत आणि सिग्नलच्या चढाओढीत फुटली आणि त्यांच्या जागी मिळेल ते ३५० बसलं. ६९ च्या कॅमॅरोच्या व्हीआयएनमध्ये व्ही-८ आहे की सहा सिलिंडरचं एवढंच कळतं, कुठलं व्ही-८ ते नाही. तुमच्या टॅगवरचं एक्स३३ हे मात्र चांगलं आहे. नॉरवुडमध्ये हा कोड झेड/२८ साठीच होता. म्हणजे गाडी झेड/२८ म्हणून जन्मली यात मला शंका नाही, टॅग खरा असेल तर. प्रश्न फक्त एवढाच, की आज तिच्यात आहे ते इंजिन त्याच जूनमधलं आहे का.

आता पॅड. प्रवाशाच्या बाजूला, हेडच्या पुढे, आल्टरनेटरच्या ब्रॅकेटआड लपलेली ती दोन-अडीच इंचांची सपाट जागा. फ्लिंटला ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग एका मोठ्या ब्रोचिंग मशीनने एका दमात कापत. त्याच्या दातांच्या बारीक समांतर रेषा पुढून मागे जातात आणि पॅडवरही दिसतात, कारण पॅड त्याच पातळीत आहे. शिक्का त्यानंतर ठोकला जातो. म्हणून खऱ्या पॅडवर आधी रेषा आणि त्यांच्यावर अक्षरं असा क्रम दिसतो. अक्षराच्या कडेला दबलेलं लोखंड किंचित वर आलेलं असतं आणि रेषा तिथे वाकते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॅड आरशासारखा आहे. एकही रेषा नाही. अक्षरं ठसठशीत, सगळी सारख्या खोलीची.

घाबरू नका, यावरून लगेच काही ठरत नाही. फ्लॅश समोरून मारला की रेषा मरतात. कधी मागच्या मालकाने एमरी पेपर मारून ‘स्वच्छ’ केलेलं असतं. म्हणून हे करा: आल्टरनेटर आणि त्याचं ब्रॅकेट काढा. पॅडवर ब्रेक क्लीनर मारून मऊ कापडाने टिपा. घासू नका. वायर ब्रश नको, सँडपेपर नको, स्कॉच-ब्राइटसुद्धा नको. मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी आडवी धरा, पॅडच्या पातळीत, आधी एका बाजूने, मग काटकोनात दुसऱ्या बाजूने. पाच-सहा फोटो काढा. त्यानंतर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. कागदावर कधी कधी फोटोपेक्षा जास्त उमटतं. सरळ, पुढून मागे जाणाऱ्या रेषा दिसल्या तर निम्मं ओझं उतरलं. गोलाई असलेल्या, कंसासारख्या रेषा दिसल्या तर तिथे फिरता कटर लागलाय, म्हणजे ब्लॉक निदान एकदा तरी फेसिंगला (वरचा पृष्ठभाग नव्याने कापायला) गेलाय. आणि फेसिंगनंतर तिथे शिक्का असूच नये, कारण तो त्यातच गेला असता. कंसाच्या रेषांवर ताजा शिक्का म्हणजे नंतर कुणीतरी ठोकलाय.

रेषा नकली करणारेही आहेत. पट्ट्याच्या सँडरने ओढतात. ते ओळखायला सराव लागतो, आणि नुसत्या फोटोवरून मी तरी छातीठोक सांगणार नाही.

पण तुमच्या बाबतीत याहून पक्का साक्षीदार अजून कुणी विचारलेलाच नाही. पॅडवर तुम्ही फक्त व्ही०६१०डीझेड सांगितलंत. गाडीच्या नंबरचे आकडे तिथे नाहीत. ६९ मध्ये गाडीच्या कारखान्यात इंजिनावर व्हीआयएनचा भाग ठोकायचे: १ म्हणजे शेवरोले, ९ म्हणजे वर्ष, एन म्हणजे नॉरवुड, आणि पुढे शेवटचे सहा आकडे. हे कधी पुढच्या पॅडवर, तर कधी चालकाच्या बाजूला खाली, ऑइल फिल्टरच्या वर, ओतीव अंगावरच. तुमचं पुढे नसेल तर तिथे असायला हवं. गाडी लिफ्टवर घ्या, फिल्टर काढा, पन्नास वर्षांचं ग्रीस प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडा. त्या ग्रीसला शिव्या देऊ नका, त्यानेच आकडे जपून ठेवलेत.

तिथली जागा मशीन केलेली नाही. तिच्यावर ती वाळूची कातडी आहे. आधीचा नंबर काढून दुसरा ठोकायचा तर ती कातडी घासावीच लागते. म्हणून आकडे वाचायच्या आधी आजूबाजूचं लोखंड बघा, बोट फिरवा. आकड्यांच्या खाली आणि शेजारी खरखर एकसारखी चालू आहे का, की मध्येच एक गुळगुळीत खोलगट डाग आहे? आकडे थोडे वाकडे, एखादा अर्धाच उमटलेला, हे चांगलं लक्षण. लाइनवरचा माणूस दिवसभर एकामागून एक इंजिनावर तेच करत होता. मग सहाही आकडे डॅशबोर्डवरच्या नंबरशी जुळवा. सहाच्या सहा. पाच जुळले म्हणजे जुळले नाहीत.

कार्ब्युरेटर चुकीच्या तारखेचा बघून मला बरं का वाटलं, ते आता. जो माणूस ब्लॉकवर खोटा शिक्का मारायचा खर्च आणि धोका पत्करतो, तो सहसा कार्ब्युरेटरची तारीखही शोधून जुळवतो, नाहीतर निदान ती घासून टाकतो. तुमच्याकडे सगळं इतकं रीतसर आणि एकच गोष्ट उघडपणे चुकलेली, हे खऱ्या गाडीसारखं वाटतं. कधीतरी कार्ब्युरेटर बिघडला, कुणीतरी दुसऱ्या गाडीचा आणून लावला. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. माझा कल खऱ्याकडे आहे, पण त्या गुळगुळीत पॅडमुळे मी पैज लावणार नाही.

इंजिन खोलणारच आहात तर आणखी दोन गोष्टी कळतील. हेड निघाल्यावर क्रँक हाताने फिरवून एका पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास मोजा. ३०२ मध्ये तो तीन इंच, म्हणजे ७६.२ मिलिमीटर. ३५० मध्ये ३.४८ इंच, ८८ मिलिमीटरच्या थोडा वर. बारा मिलिमीटरचा फरक पट्टीनेही कळतो. दुसरं, खालचं ऑइल चेंबर काढल्यावर क्रँक धरून ठेवणाऱ्या मधल्या मेन कॅपना प्रत्येकी चार बोल्ट हवेत. ६९ च्या ३०२ ला चार बोल्टचेच मेन होते. दोन दिसले तर तो ब्लॉक डीझेड म्हणून जन्मलेलाच नाही, पॅडवर काहीही लिहिलेलं असो.

आता मशीन शॉप. हा भाग मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय, म्हणून थोडा लांबवतो. अकरा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे १९७० ची एक शेवेल एसएस ३९६ आली होती. पहिल्याच मालकाची. म्हातारे गृहस्थ, गाडी घेतल्याची पावतीसुद्धा जपलेली. इंजिन खोललं, ब्लॉक साफसफाई आणि बोअरिंगला एका दुकानात पाठवला. पॅडचे फोटो मी काढले होते, एवढंच शहाणपण. दुकानदाराला चिठ्ठीत लिहिलं, ‘बोअर ०.०३०, डेक तपासणे.’ डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग. तपासणे म्हणजे त्याने समजलं, सरळ करणे. ब्लॉक परत आला तेव्हा वरचा पृष्ठभाग चांदीसारखा चमकत होता आणि पॅड कोरा. दुकानदाराची चूक म्हणावी तर त्याने त्याचं काम उत्तम केलं होतं. चूक माझ्या चिठ्ठीची होती. त्या गृहस्थांना फोन करायला मला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘परत ठोकता येत नाही का?’ येतं, शिक्क्यांचे सेट मिळतात. मी नाही म्हटलं. फोटो आणि दुकानाचं बिल एका फाइलमध्ये घालून गाडीबरोबर दिलं. पुढे त्यांच्या मुलाने गाडी विकली तेव्हा किमतीत बराच फटका बसला. तो मुलगा आजही माझ्याशी बोलत नाही.

म्हणून आता ब्लॉकवरच जाड लाल मार्करने लिहितो: ‘पॅडला हात लावू नये.’ चिठ्ठीत वेगळं, फोनवर वेगळं, आणि ब्लॉक सोडताना माणसाला पॅड बोटाने दाखवून. तुमच्या या स्मॉल ब्लॉकची (शेवरोलेच्या लहान व्ही-८ घराण्यातल्या ब्लॉकची) डेकची मूळ उंची ९.०२५ इंच. बहुतेक दुकानांना ती ९.००० वर आणायची सवय असते, शर्यतीच्या इंजिनात तेच हवं असतं. तुम्हाला ते नको आहे. आधी मोजायला सांगा. ब्लॉक वाकला नसेल तर कापायची गरजच नाही, योग्य जाडीचं गास्केट पुरतं. कापावंच लागलं तर पॅड हा हेड गास्केटच्या बाहेर आहे. काळजीवाला मशिनिस्ट कटर पॅडच्या अलीकडे थांबवून तेवढी पायरी ठेवू शकतो. ‘जमत नाही’ म्हणाला तर दुसरा शोधा. शॉट ब्लास्टिंगलाही पॅड आणि फिल्टरवरची जागा झाकूनच द्या. गोळ्या रेषा खातात. गरम केमिकलच्या टाकीचं तेवढं भय नाही, पण बाहेर आल्यावर लगेच तेलाचा हात द्या, कोरडं लोखंड एका रात्रीत गंजतं.

तपासणीत ब्लॉक मूळचा नाही असंच निघालं तर? तर गाडीची किंमत उतरेल, गाडी नाही. पॅडवर सीई अक्षरं आणि पुढे वर्षाचा आकडा दिसला असता तर मी म्हटलं असतं, छान. कंपनीने वॉरंटीत दिलेल्या इंजिनांवर १९६८ पासून असा शिक्का असे. ती फसवणूक नव्हे, ती गाडीची कुंडली आहे. तुमचा तसा नाही. फेसिंग झालेला आणि नंतर ठोकलेला निघाला तर विकणाऱ्याशी वकिलामार्फत बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगेन की पुढे विकताना ‘मूळ इंजिन’ म्हणू नका. ‘तारखेला साजेसा ब्लॉक’ म्हणा. बाजारात हे दोन शब्द वेगळे आहेत आणि त्यांची किंमतही वेगळी आहे. मूळ म्हणजे जूनमध्ये नॉरवुडला याच गाडीत बसलेला तुकडा. करेक्ट म्हणजे त्याच नंबरचा, आधीच्या तारखेचा, पण दुसरीकडून आलेला. विकणारे ‘नंबर मॅचिंग’ म्हणतात त्यात हे दोन्ही सोयीनुसार मिसळलेलं असतं.

कागद शोधलेत का? पाँटिअॅकवाल्यांचं नशीब थोर, त्यांच्या जुन्या गाड्यांची कारखान्याची बिलं आजही मिळतात. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांच्या कारखान्याच्या नोंदींचा उतारा मिळतो. शेवरोलेत अमेरिकेत विकलेल्या गाडीसाठी तसं काही नाही. त्यामुळे मिळेल ते चिटोरं सोनं. सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली, पेट्रोल टाकीच्या डोक्यावर कारखान्याचा बिल्ड शीटचा कागद (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी) अडकलेला असतो कधी कधी. टाकी उतरवाल तेव्हा तिथे वॉटर जेट मारू नका, आधी हात घालून बघा. वॉरंटी पुस्तिकेतली छोटी धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, मिळाली तर तिच्यावर इंजिनाचा, गिअरबॉक्सचा आणि मागच्या अॅक्सलचा कोड उमटवलेला असतो. तीही नकली बनते, हे लक्षात असू द्या. मागच्या मालकांना फोन करणं हा सगळ्यात कमी वापरलेला उपाय. ‘तुम्ही इंजिन कधी खोललं होतं का?’ एवढंच विचारा. माणसं बोलतात.

आता सोबतचे पार्ट. हेडवर व्हॉल्व्ह कव्हरखाली ३९२७१८६ हा नंबर आणि स्वतःची तारीख बघा. वरचा अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड ३९३२४७२. डिस्ट्रिब्युटर ११११४८०. कार्ब्युरेटर तुमच्याकडे बरोबर नंबरचा आहेच. मेच्या किंवा जूनच्या सुरुवातीच्या तारखेचा मिळेपर्यंत हाच उत्तम चालवा. फक्त तारखेसाठी हजार-पंधराशे डॉलर लगेच मोजायची माझी तरी तयारी नसते.

तुमच्या फोटोत एक गोष्ट दिसली नाही: हवेचा पंप. ६९ च्या झेड/२८ ला धुराच्या नियमासाठी ए.आय.आर. पंप होता, पट्ट्यावर चालणारा, आणि त्याच्या नळ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये शिरत. पोरांनी गाडी घेतल्या घेतल्या पहिलं काम काय केलं असेल तर तो पंप काढून गॅरेजच्या कोपऱ्यात फेकला. म्हणून आज पूर्ण सेट मिळणं अवघड आणि महाग. मॅनिफोल्डवर त्या नळ्यांची आट्यांची भोकं आहेत का बघा. प्लगने बुजवलेली असतील तर मॅनिफोल्ड तरी योग्य जातीचे आहेत. विकणाऱ्याला परत एक फोन करा आणि विचारा, जुन्या पार्टांचं खोकं कुठे आहे का. माझ्या एका गिऱ्हाइकाला असा पंप मागच्या मालकाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला होता.

आणखी एक नेहमीची चूक. ६९ ला आल्टरनेटर प्रवाशाच्या बाजूला आला आणि वॉटर पंप लांब झाला. ६७-६८ चे ब्रॅकेट, पुली आणि आखूड पंप स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका, बसणार नाहीत. प्लगच्या वायरींवर तिमाही आणि वर्ष छापलेलं असे, तशा नव्या छापून मिळतात. रेडिएटरच्या होजला टॉवरसारखे उभे क्लॅम्प, आपल्याकडचे स्क्रूवाले पट्टीचे क्लॅम्प नव्हेत. होज, वायरी, व्हॅक्युमच्या नळ्या कुठून कशा जातात यासाठी कारखान्याच्या असेंब्ली मॅन्युअलची छापील प्रत घ्या, तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळते. जुने बोल्ट फेकू नका. डोक्यावरच्या खुणांसकट ते मूळ आहेत. नुसते साफ करून फॉस्फेटला द्या.

रंग. ‘शेवरोले ऑरेंज’ म्हणून डब्यात मिळणारे नारिंगी एकमेकांशी जुळत नाहीत, काही चक्क टोमॅटोकडे झुकतात. म्हणून डबा घेण्याआधी नमुना शोधा. इंजिन कारखान्यातच रंगवलं जायचं आणि माउंटचे ब्रॅकेट नंतर बसायचे, त्यामुळे ब्रॅकेट सोडवल्यावर त्याच्याखाली न उडालेला, न जळालेला चौकोन सापडायची चांगली शक्यता असते. त्याच्याशी उन्हात जुळवा, ट्यूबलाइटखाली नको. आणि रंग एक हात पातळच द्या. कारखान्यात घाईघाईने फवारा मारत. मागे, खाली, कोपऱ्यात तो जेमतेम पोहोचायचा. अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डच्या कडेला नारिंगी उडालेला असे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलेला पहिल्या काही मैलांत जळून जाई. स्पर्धेतले परीक्षक हे बघतात. तुम्ही क्लिअर कोट मारून आरसा केलात तर बघणारे ‘वा’ म्हणतील, पण ते इंजिन फ्लिंटहून आल्यासारखं दिसणार नाही.

पॅडचे आडव्या उजेडातले फोटो, पेन्सिलचा ठसा आणि फिल्टरवरच्या जागेचा जवळचा फोटो, एवढं तीन आलं की पुढचं बोलू. तोपर्यंत आल्टरनेटरचं ब्रॅकेट परत बसवू नका. आणि हो, मशीन शॉपवाल्याने कारण विचारलं तर सांगा, घरी पाहुणे आलेत. मी हेच सांगतो.